न काढलेल्या गंजाची मजुरी

३१ मार्च २०२५, सोमवार. रक्कम दोन लाख पंच्याहत्तर हजार. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा आणि आमच्या दुकानाचे कारागीर गफूर मिस्त्री. ठिकाण बीड, एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान.

आदल्या दिवशी पाडवा झाला होता आणि त्या दिवशी ईद होती. मिस्त्री नमाज उरकून, नवा पांढरा सदरा घालून, शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले होते. सुनंदानं आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या आणल्या होत्या. शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिघांनी खाल्लं आणि मग बोलायला बसलो. मार्चअखेरीला पुढच्या वर्षाचा विचार करायचा ही माझ्या वडिलांची पद्धत. ते एकटेच बसत आणि मिस्त्रींना मागाहून निकाल सांगत. मी दोघांना बोलवायला लागलो, कारण दुकानात काम मिस्त्री करतात आणि घरात काटकसर सुनंदा करते. माझ्याकडे फक्त बेरीज असते.

ते पावणेतीन लाख टेबलावर नव्हते. घरमालक काळेकाकांनी आदल्या आठवड्यात ती रक्कम तोंडी सांगितली होती. जागा सोडली तर तेवढे पैसे द्यायला ते तयार होते. त्यांच्या मुलाला तिथे अभ्यासिका काढायची होती.

"विजूभाऊ, बंदुकीत आता काय राह्यलंय? पोरं पुस्तकं घेऊन दारात उभी हायत, बसायला खुर्ची न्हाई," ते म्हणाले होते.

ते खोटं बोलत नव्हते. माझी मुलगी अंबाजोगाईला शिकायला जायच्या आधी अशाच एका अभ्यासिकेत पैसे भरून बसत होती. काका वर्षभर थांबायला तयार होते. पुढच्या मार्चअखेरीला हो की नाही एवढं सांगायचं.

आता दुकानाचं थोडं सांगतो, कारण बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. आमच्याकडे बंदूक बनत नाही. परवानाधारकानं आपली बंदूक आणि परवाना घेऊन यायचं, आम्ही नोंद करून दुरुस्त करायची आणि त्यालाच परत द्यायची. आम्ही कुणाच्या घरी जाऊन काम करू शकत नाही, कुणाची बंदूक पिशवीत घालून नेऊ शकत नाही. नव्वद टक्के काम बाराबोअरच्या दुनाळीचं आणि एकनाळीचं असतं. या बंदुका आजोबांच्या वेळच्या, बागेची आणि पिकाची राखण करायला घेतलेल्या. घोडा अडकतो, लाकडी दस्त्याला चीर जाते, स्प्रिंग मरते. त्याशिवाय थोडी काडतुसं विकली जातात, आणि एक ठेवीचं कपाट आहे. परवानाधारक वारला, किंवा परवान्याची मुदत संपली, की वारसांना बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात जमा करायची किंवा आमच्यासारख्या परवानाधारक दुकानात. आम्ही महिन्याला शंभर रुपये घेतो.

दुरुस्तीची निम्मी रक्कम मिस्त्रींची, निम्मी दुकानाची, हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं आहे. त्या मार्चअखेरीला मिस्त्रींच्या वाट्याला शहाण्णव हजार आले होते. दुकानाकडे भाडं, वीज, परवान्याची फी असं सगळं जाऊन बासष्ट हजार चारशे उरले. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून दुपारी मी दोन अडत दुकानांचे हिशेब लिहितो. काळेकाकांची रक्कम म्हणजे आमची जवळजवळ साडेचार वर्षांची शिल्लक होती, तीही एका दिवसात मिळणारी.

पण मला त्या दिवशी मिस्त्रींशी वेगळंच बोलायचं होतं. एक लाख ब्याण्णव हजारांच्या दुरुस्तीपैकी एक लाख चौदा हजार एकाच कामाचे होते. दसऱ्यानंतर संक्रांतीपर्यंत गंज काढायचे.

हा गंज आमच्याकडचीच गोष्ट आहे. खंडेनवमीला घरातली शस्त्रं आणि हत्यारं पुजतात. ज्याच्या घरी बंदूक आहे त्याच्या घरी ती माळ्यावरून खाली येते, पाटावर बसते. तिला पाण्यानं पुसतात, ओली हळद आणि कुंकू नळीवर बोटांनी ओढतात, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात. संध्याकाळी ती तशीच, हळदीकुंकवासकट, लोकरी गवसणीत घालून माळ्यावर ठेवतात. पूजा पुसायची नसते. दिवाळी झाल्यावर कुणाला तरी आठवण होते, गवसणी काढतात, तर बोटांच्या ओढींखाली तांबूस पट्टे उठलेले. मग घरधनी आमच्याकडे येतो. मिस्त्री पॉलिश पेपर मारून गंज घासतात, नळीला पुन्हा काळानिळा मुलामा चढवतात. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा पाट, पुन्हा हळद. मी दुकानावर बसायला लागल्यापासून हे असंच चाललं आहे, आणि वडिलांनी कधी कुणाला पूजेआधी तेलाचा हात फिरवा म्हणून सांगितलं नाही. मीही नाही. दुकानाचा मुख्य हंगामच तो होता.

त्या जानेवारीत लिंबागणेशकडचे एक बागायतदार, तात्या म्हणतात त्यांना, टॉवेलात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. डुकरं हाकलायला हवेत बार काढला आणि नळी फुगली. फुटली नाही एवढं नशीब. बाहेरून दिसायला अजगरानं काहीतरी गिळल्यासारखी. तात्यांना दोन दिवस डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते.

"दरसाल तुमच्याकडंच आणतो की. मंग हे कावून झालं?"

मिस्त्रींनी मापणी लावून नळीची जाडी पाहिली आणि मापणी माझ्यापुढे धरली. फुगलेल्या जागेच्या आसपास नळी पातळ झाली होती. बरोबर तिथे, जिथे तात्यांच्या घरातल्या बायका दरवर्षी पाच बोटं ओढत आणि आम्ही दरवर्षी ती घासत होतो. गंज काढणं म्हणजे लोखंड काढणं. फडक्यानं धूळ पुसल्यासारखं ते नसतं. नळीतलं जेवढं लोखंड गंजलं तेवढं कायमचं गेलं, आणि थोडं चांगलंही त्याच्याबरोबर जातं. तात्यांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कानात बोट घालून हलवलं आणि विचारलं, "म्हंजी आमच्या कारभारनीनं आन् तुमी मिळून खाल्ली म्हना की."

मार्चअखेरीला मी हेच मिस्त्रींपुढे मांडलं. नवे परवाने जवळजवळ बंद आहेत. जिल्ह्यात परवान्यांची छाननी सुरू झाली आहे, असलेलेही कमी होणार. म्हणजे नव्या बंदुका येणार नाहीत, आणि असलेल्या आपण दरवर्षी थोड्याथोड्या घासून संपवतो आहोत. पाच-सात वर्षांत घासायला काही उरणार नाही. त्यापेक्षा पूजेआधी बंदुका दुकानात आणायला सांगू. दोनशे रुपयांत साफसफाई आणि तेलाचा जाड हात. गंजच येणार नाही. बंदूक टिकेल, माणूस दरवर्षी येईल.

मिस्त्रींनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली.

"विजूसेठ, तेल लावायला अर्धा घंटा. त्याचे मला शंभर. गंज काढायला एक दिवस, त्याचे पाचशे, सहाशे. हे तुमचं प्लॅनिंग माझ्या पोटावर हाय."

"नळी फुगली ती पाहिली ना तुम्ही."

"पाह्यली. मापणी मीच दाखिवली." ते म्हणाले, "तो फुगेवाला याद हाय का? तो येडा नव्हता."

फुगेवाला म्हणजे जत्रांमध्ये फुगे फोडायचा फळा लावणारा माणूस. त्याच्या छर्‍याच्या बंदुका आमच्याकडे येत. एकदा मिस्त्रींनी बंदूक दुरुस्त करताना तिची माशीही सरळ करून दिली. नळीच्या टोकाशी नेम धरायला जो लहानसा उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. चौथ्या दिवशी फुगेवाला परत आला. "मिस्त्री, माशी वाकडी करून द्या. लिंबागणेशच्या जत्रंत पोरांनी सगळे फुगे फोडून बक्षिसं नेली. सरळ बंदुकीवर मी जेवू काय?" मिस्त्रींनी ती चिमट्यानं होती तशी डावीकडे वाकवून दिली आणि त्याचे दहा रुपये घेतले. आम्ही दोघं बरेच दिवस त्यावर हसत होतो. त्या दिवशी मिस्त्री हसत नव्हते.

सुनंदानं मध्ये विचारलं, "मिस्त्रींना किती कमी पडतील?"

मी अंदाजानं वीस हजार म्हणालो.

"मग ते दुकानानं भरून द्यावेत. योजना आपली आहे, त्यांची नाही."

हे मला सुचलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं, पण शिल्लक किती उतरेल ते पाहून मी गप्प बसलो होतो. ती म्हणाल्यावर मीही म्हणालो. पुढच्या मार्चअखेरीला शहाण्णव हजारांना जेवढे कमी पडतील तेवढे माझ्याकडून. मिस्त्रींनी डब्याचं झाकण लावलं.

"लावू तेल. पर लोकं लावून घेतील का, ते तुमी बघा. मी सांगत फिरनार न्हाई."

एप्रिल-मेमध्ये काम कमी असतं. आम्ही ठेवीच्या कपाटातल्या सगळ्या बंदुका काढून तपासल्या. ठेवीतल्या बंदुकांचीही पूजा होते, हे इथे सांगायला हवं. बंदूक घरी नेता येत नाही, मग घरची माणसंच खंडेनवमीला आमच्याकडे येतात. काडतूस नाही हे दोनदा पाहून मी बंदूक टेबलावर ठेवतो, साखळी अडकवतो, माझ्यासमोर पूजा होते. त्या सकाळी दुकानात उदबत्तीचा इतका धूर होतो की शेजारचा चहावाला दारातूनच चहा देऊन जातो. माणसं गेली की मिस्त्री रॉकेलच्या चिंधीनं प्रत्येक नळी पुसतात. तरी खाचाखोचांत काही राहतंच, आणि तिथे ठिपके उठतात.

एका एकनाळीवर मात्र एकही ठिपका नव्हता. ती अनुसयाबाईंची. त्यांचे यजमान एका बागेचे रखवालदार होते, ते वारल्यावर बंदूक आमच्याकडे आली. दस्त्याला हिरव्या खणाची पट्टी बांधलेली होती. मिस्त्री म्हणाले, पूजेच्या वेळी बाई ती नळीला गुंडाळतात, दुसऱ्या दिवशी मी सोडून दस्त्याला बांधून ठेवतो, काहीतरी नवस असेल. मी बंदूक परत ठेवून दिली.

अनुसयाबाईंच्या मुलाला, बाळूला, परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा आहे. अर्ज करून झाला की पोलिसांची चौकशी लागते, आणि ती फिरत फिरत गावात पोचते तेव्हा दिवाळी उलटलेली असते. तोवर हे कुटुंब ऊसतोडीला गेलेलं. घराला कुलूप, शेजारी सांगतात कारखान्याला गेलेत. कागद तसाच परत. मागच्या दोन्ही वेळा असंच झालं. या वेळी मी बाळूला एप्रिलमध्येच अर्ज करायला लावला आणि माझ्या योजनेत ही एक गोष्ट तरी नक्की जमेल असं धरून चाललो.

भाद्रपदात मी गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. बहुतेकांनी बरं म्हटलं. तात्या नवी नळी बसवून घेतलेली बंदूक घेऊन सगळ्यांत आधी आले. या वेळी त्यांच्या पत्नी सोबत होत्या. मिस्त्रींनी तेल लावलं. बाईंनी पदराला हात पुसून नळीवरून एक बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"ह्याच्यावर कुंकू टिकंल का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यातली कोयरी आणून मी स्वतः कुंकू लावून बघितलं. ते आधी घट्ट बसल्यासारखं वाटलं, मग तेलातून हळूहळू खाली ओघळलं आणि टेबलावर पडलं.

"न्हाई जमायचं," बाई म्हणाल्या. "देवीच्या दिवशी कुंकू गळून पडलं तर वर्षभर माझ्या जिवाला घोर. गंजली तर गंजू द्या."

तात्यांनी तेल पुसून मागितलं, आणि मिस्त्रींनी पुसून दिलं. पुढच्या चार दिवसांत आणखी तिघांनी हेच सांगितलं. मी सगळं मोजलं होतं, तेलाचा डबा किती बंदुकांना पुरतो तेसुद्धा. कुंकू तेलावर टिकत नाही हे कुठेच मोजलेलं नव्हतं. मिस्त्री चिडवत नव्हते, पण दसऱ्यानंतरच्या कामासाठी त्यांनी पॉलिश पेपरची मागणी लिहून माझ्या टेबलावर ठेवली.

पितृपक्षात अनुसयाबाई बाळूबरोबर दवाखान्यात आल्या होत्या, तेव्हा ठेवीचे पैसे द्यायला दुकानात आल्या. बाळूच्या अर्जाची चौकशी अजून आलेली नव्हती. मी पावती केली आणि सहज विचारलं, "मावशी, बंदुकीला तो खण कशासाठी बांधता?"

त्यांनी आधी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री पाठमोरे बसून कानस मारत होते.

"तसं काय न्हाई, भाऊ."

"नवस आहे का?"

"नवस कशाचा." मग त्या म्हणाल्या, "पयल्या साली आमी हितं पूजा केली. सुनंनं कुंकू लावलं. पायरी उतरून चप्पल घालताना मागं बघितलं, तर मिस्त्री चिंधीनं कुंकू पुसत व्हते. ह्यांना जाऊन वरीस न्हवतं झालं. माझं बी तसंच पुसलं व्हतं बायांनी, भिंतीला टेकवून."

कानशीचा आवाज थांबला होता.

"त्यांचं ते काम हाय, मला कळतंय. पर बघवलं न्हाई. मंग दुसऱ्या सालापसनं खण बांधाया लागले. कुंकू खणावर लावायचं. खण कुनी पुसत न्हाई, नुस्ता सोडून ठेवतेत."

"मी समजत होतो गंज येऊ नये म्हणून."

"गंजाचं मला काय म्हाईत, भाऊ."

मिस्त्री उठले आणि बाहेर गेले. चहावाल्याकडे उभे राहिलेले मला दिसत होते, पण चहा त्यांनी घेतला नाही. परत आले तेव्हा अनुसयाबाई निघायच्या बेतात होत्या. मिस्त्री दारातच थांबले.

"बाई, एका बंदुकीला खण किती लागतो?"

अनुसयाबाईंनी हाताची वीत करून दाखवली. "दुनाळी असंल तर दीड."

त्या गेल्यावर मिस्त्रींनी पॉलिश पेपरची चिठ्ठी माझ्या टेबलावरून उचलली, आकडा खोडून निम्मा केला आणि परत ठेवली.

सुनंदानं खण आणून पट्ट्या कापल्या, कडा शिवल्या. तात्यांच्या पत्नींना मी फोन करून सांगितलं की नळीला तेल, तेलावर खण आणि कुंकू खणावर. त्या म्हणाल्या, "म्हंजी वटी भरल्यासारखं. मंग असं आदी सांगायचं." त्यांनी ते भावकीत सांगितलं. नवरात्राच्या आत माझ्या फोनशिवायच माणसं यायला लागली. त्यात एक तरुण कार्यकर्ता चुलत्यांबरोबर, त्यांच्या दुनाळीसाठी आला. त्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर छाननीत परवाना गेल्यामुळे आमच्याच कपाटात होतं. पूर्वी त्यानं ते फोटोत चकाकेल असं करून मागितलं होतं आणि मी नकार दिला होता. खणाची पट्टी बघून तो म्हणाला, "मिस्त्री, बंदुकीला चोळी शिवली काय?"

"गप बे," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "तुझं रिवालवर हितं बिनचोळीचं पडलंय, त्याला थंडी वाजतिया का ते बघ आधी."

खंडेनवमीला पाऊस होता तरी ठेवीवाली माणसं आली. या वेळी प्रत्येक नळीवर खण होता. अनुसयाबाई, बाळू, सून आणि दोन नातवंडं आली. बाळूनं पिशवीतून दोन कोयते काढून बंदुकीशेजारी ठेवले. तेही पुजले गेले. तीन-चार दिवसांत त्यांची गाडी निघणार होती. सुनेनं खणावर कुंकू लावलं, नारळ बाहेर पायरीवर फोडला. जाताना अनुसयाबाईंनी पायरी उतरून चप्पल घातली आणि मागे वळून पाहिलं. मिस्त्री टेबलापासून लांब, हात मागे बांधून उभे होते. त्या दिवशी त्यांनी चिंधी हातातच घेतली नव्हती. खण त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडले.

दिवाळीनंतर जे व्हायचं तेच झालं. गंजाचं काम निम्म्याहून खाली आलं. मिस्त्री दुपारी दुकानासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. इतकी वर्षं कार्तिकात त्यांना मान वर करायला वेळ नसायचा. एकदा त्यांनी मला विचारलं, आजाऱ्याला बरं करून घरी बसलेला डॉक्टर कुठे बघितला आहे का. बाळूची चौकशीही याच दिवसांत गावात पोचली. घराला कुलूप होतं.

३१ मार्च २०२६, मंगळवार. हजर तेच तिघं. ईद दहा दिवसांपूर्वी होऊन गेली होती, म्हणून डबा नव्हता, चहा होता. पूजेआधी एकशे बारा बंदुकांना तेल लागलं होतं. तेल लावलेली एकही बंदूक गंजाच्या कामाला परत आली नव्हती. जे गंजाचं काम आलं ते पूजेआधी न आलेल्यांचं. योजना म्हणून ती पूर्ण उतरली होती. मिस्त्रींच्या वाट्याला मात्र शहाण्णवऐवजी चौऱ्याहत्तर हजार सातशे आले. छाननीमुळे ठेवीच्या बंदुका वाढल्या म्हणून दुकान सावरलं, तरी मिस्त्रींची तूट भरून दिल्यावर माझ्याकडे चौतीस हजार उरत होते. आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्मे.

आणि काळेकाका संध्याकाळी उत्तर ऐकायला येणार होते.

मी दोघांना आकडे वाचून दाखवले आणि माझं मतही सांगितलं. एका वर्षाचा हिशेब म्हणून पाहिलं तर जागा सोडणं बरोबर आहे. दहा वर्षांचा म्हणून पाहिलं तर कदाचित नसेल, पण दहा वर्षं मी पाहिलेली नाहीत. दुकान बंद झालं तर ठेवीच्या बंदुका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जातील. तिथे त्या सुरक्षित राहतील, पण तिथे कुणी पाट मांडू शकणार नाही. ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची ते मला ठरवता आलं नव्हतं, म्हणून मी ती तोंडी सांगितली.

मिस्त्री म्हणाले, "माझ्याकडं बघून ठरवू नका. मी एकसष्ट वर्षांचा हाय. डोळे हायत तवर हायत."

सुनंदा कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी मांडत होती. "चौतीस हजार दरवर्षी धरले तर पावणेतीन लाखांची बरोबरी व्हायला किती वर्षं?"

"आठ. तरी तीन हजार कमी पडतात."

"मिस्त्रींचे डोळे आठ वर्षं टिकतील?"

"चष्म्यानं टिकतील," मिस्त्री म्हणाले.

"मग तीन हजार मी घालते," सुनंदा म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

काळेकाका सहाला आले. त्यांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. मुलासाठी ते पलीकडच्या गल्लीत दुसरी जागा बघत होतेच, म्हणाले. बाळूचा अर्ज मी पुन्हा एप्रिलमध्येच भरायला सांगितला आहे, या वेळी पावसाळ्याच्या आत मी स्वतः चौकशीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसणार आहे.

काका गेल्यावर मी मिस्त्रींपुढे पाकीट ठेवलं. त्यांनी ते लगेच उचललं नाही.

"विजूसेठ, जिंदगीभर गंज काढल्याचे पैसे घेतले. न काढल्याचे पयल्यांदाच."

"ठरलं होतं तसं आहे."

"ठरलं व्हतं," ते म्हणाले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, बरोबर आहेत म्हणाले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या.

त्या दिवशीची देणी अशी. घरमालक काळेकाकांना एप्रिलचं भाडं, पाच हजार. गफूर मिस्त्रींना न काढलेल्या गंजाची मजुरी, एकवीस हजार तीनशे.